कारखाना आणि गट ऑफिसांचे फोन : नंबर कसे पाडावेत, कॉल कसा वळवावा
(शेतकी विभागाकडून – ऊस विकास अधिकारी)



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांबद्दल बोलतो. या खेपेस विषय टेलिफोनचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने फोनच्या भानगडीत कशाला पडावे, असे काही जण म्हणतील. पण गट सभेत तोडणी प्रोग्रामचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, तोड अडली, गाडी आली नाही, तर फोन नेमका कोणाला करायचा?" मग आम्ही खिशातली डायरी काढतो आणि पाच-सहा नंबर वाचून दाखवतो. कोणी ते हातावर लिहून घेतो, कोणी तंबाखूच्या पुडीवर. पुडी संपली की नंबरही गेला.

कारखाना, तालुक्याचे ऑफिस आणि गट ऑफिसे यांचे फोन एकमेकांना जोडावेत आणि सगळ्यांची मिळून नंबरांची एकच योजना असावी, असे माझे मत आहे. ती कशी आखावी आणि आखताना काय चुकू शकते, हे सभासदांनाही कळले पाहिजे. शेवटी अडचणीच्या वेळी फोन लावणार आपणच.

अडचणीची वेळ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उसावर कोयता पडला की घड्याळ सुरू होते. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. फडात किंवा गाडीत पडून राहिला तर उन्हाने वजन घटते, आणि आतली साखर फुटून तिचे अशा गोड द्रव्यात रूपांतर होते की ज्याचा दाणा पडत नाही. वजन घटले तर तोटा त्या सभासदाचा. साखर घटली तर उतारा घसरतो, आणि एफआरपी उताऱ्यावर ठरत असल्यामुळे तो तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. एक फोन चुकीच्या टेबलावर वाजत राहिला तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

नंबर पाडणे ही विद्या आपल्याला नवी नाही. उसाच्या जातीच घ्या. जुन्या सभासदांना को ४१९ आणि को ७४० आठवत असतील. 'को' म्हणजे कोईमतूर, आणि पुढचा आकडा नुसता अनुक्रमांक. ७४० ही ४१९ च्या नंतरची, एवढेच त्यावरून समजते. पुढे पद्धत बदलली. को ७२१९ मध्ये ७२ हे साल आहे आणि १९ हा त्या सालातला क्रमांक. को ८०१४ म्हणजे १९८० चा १४ वा. मग आली को ८६०३२, आपली 'नीरा'. येथे ८६ साल आणि पुढे ०३२, म्हणजे क्रमांकाला दोनऐवजी तीन घरे. शंभराच्या पुढे क्रमांक गेला तरी जागा आहे. आता को-एम ०२६५ बघा. बोलताना आपण पुढचे शून्य गाळतो आणि सरळ 'फुले दोनशे पासष्ट' म्हणतो. समोरचा माणूस उसातला असतो, तो समजून घेतो. टेलिफोनच्या यंत्राला असे समजून घेणे जमत नाही. त्याला अंक कोठे तोडायचा, किती अंकांनी थांबायचे, शून्य धरायचे की गाळायचे, हे सगळे आधी सांगून ठेवावे लागते. नंबरांची योजना म्हणजे मुख्यतः हे सांगून ठेवणे.

दुसरे उदाहरण पिन कोडचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने. (हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. आकडे आणि काव्य एका डोक्यात नांदू शकतात, असे दिसते.) भोरचा पिन ४१२२०६, वेल्ह्याचा ४१२२१२, नसरापूरचा ४१२२१३. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४१२ पर्यंत आले की पुण्याचा ग्रामीण भाग. शेवटचे तीन अंक त्या पोस्टाचे. दिल्लीत टपाल छाटणाऱ्या माणसाला वेल्हे कोणत्या डोंगराआड आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. तो पहिला अंक बघतो आणि पत्र त्या थैलीत टाकतो. पुढचे पुढचा बघतो. वाट दाखवणारा अंक आधी आणि घर दाखवणारा अंक शेवटी, हे या योजनेचे मर्म आहे, आणि फोनलाही तेच लागू पडते.

सरकारी फोनची रचनाही तशीच. पुण्याचा कोड ०२०, भोरचा ०२११३, वेल्ह्याचा ०२१३०. सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली की शिरवळ, चालत जाता येते, पण कोड ०२१६९. नदी एक, काठ दोन, आणि फोनच्या हिशेबात दोन्ही काठ निराळे. देशात एका गावाहून दुसऱ्या गावी ऑपरेटरवाचून फोन लावण्याची सोय पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये झाली. खेड्यापाड्यांत ती पोचायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर ट्रंक कॉल लावायचा आणि वाट बघत बसायचे. त्या काळच्या ऑपरेटरला सगळे तोंडपाठ असे. अमुक साहेब आत्ता ऑफिसात नाहीत, बाजाराला गेलेत, हेसुद्धा तो सांगे. म्हणजे नंबरांची योजना आणि वळवण्याचे नियम दोन्ही त्या एका माणसाच्या डोक्यात. पुढे १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने धूळ आणि उकाडा सोसणारे, १२८ जोडांचे खेड्यांसाठीचे छोटे एक्स्चेंज बनवले आणि त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. अशी यंत्रे गावोगाव आली आणि ऑपरेटर गेला. त्याच्या डोक्यात जे होते ते आता आपण कागदावर उतरवले पाहिजे.

आता आपल्या कामाकडे येतो. समजा, पाच ठिकाणे जोडायची आहेत : कारखाना, भोरचे ऑफिस, नसरापूर, किकवी आणि वेल्हे. (ठिकाणे आणि पुढचे सगळे आकडे उदाहरणादाखल आहेत, कोणी पाठ करू नयेत.) प्रत्येक ठिकाणी इंटरकॉमची पेटी असते. ती बसवणारा मेकॅनिक एक सवयीचे काम करतो, पहिल्या टेबलाला २०१ देतो, दुसऱ्याला २०२. त्यामुळे कारखान्यात २०१ कार्यकारी संचालकांचा, आणि नसरापूरला २०१ गट प्रमुखाचा. पेट्या वेगळ्या होत्या तोवर काही बिघडत नव्हते. जोडल्या की प्रश्न उभा राहतो, २०१ म्हणजे कोणता?

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय असा की जुने नंबर राहू द्यावेत आणि दुसऱ्या ठिकाणी लावताना आधी त्या ठिकाणचा कोड दाबावा. नसरापूरला ८४ कोड दिला तर बाहेरून ८४ आणि मग २०१. हा उपाय स्वस्त आहे, एका दुपारी होतो. पण त्यात खोट अशी की तुम्ही कोठे उभे आहात त्याप्रमाणे नंबर बदलतो. नसरापूरच्या शिपायाने "साहेबांचा २०१ लावा" म्हणून सांगितले आणि सभासदाने तो कारखान्याच्या काट्यावरून लावला, की फोन भलत्याच मोठ्या साहेबांच्या टेबलावर. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या ठिकाणांचे नंबर नव्याने पाडायचे, एकदाच त्रास सोसायचा, आणि मग कोठूनही लावा, नंबर तोच. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूचा आहे. शेताच्या बांधाला एकदा नीट दगड रोवलेले बरे.

नव्याने पाडताना पहिला अंक ठिकाणाचा धरावा. पण सुरुवातीलाच तीन अंक बाजूला काढून ठेवावे लागतात. शून्य बाहेरच्या ओळीसाठी, कारण ती सवय सगळीकडे आहे. ९ ऑपरेटरसाठी. आणि १ ला हात लावू नये. ११२, १०८, १०१ हे संकटातले नंबर १ ने सुरू होतात. गव्हाणीत कोणाचा हात सापडला किंवा बगॅसला आग लागली, तर त्या वेळी माणूस आधी शून्य दाबायचे हे विसरणारच. म्हणून ११२ हा नंबर शून्य दाबून आणि न दाबता दोन्ही तऱ्हेने लागला पाहिजे, आणि त्यासाठी १ ने सुरू होणारा आपला एकही नंबर असता कामा नये. राहिले २ ते ८. कारखाना २, भोर ३, नसरापूर ४, किकवी ५, वेल्हे ६. ७ आणि ८ रिकामे ठेवावेत. आज ओसाड वाटतात, पण उद्या पुण्यात ऑफिस काढले किंवा आणखी एक गट झाला तर कोणाचेही नंबर न बदलता जागा मिळते.

अंक किती असावेत? तीन अंकी नंबर लक्षात राहायला सोपा, आणि प्रत्येक ठिकाणी शंभर नंबर मिळतात. गट ऑफिसला तर दहा पुरतात. मग चार अंक कशाला? माझ्या मते चारच असावेत. एक तर कारखान्याला पुढेमागे डिस्टिलरी, सहवीज असे जोडप्रकल्प येत असतात आणि प्रत्येकाला पाच-पंचवीस फोन लागतात. दुसरे कारण महत्त्वाचे. चार अंक असले की दुसरा अंक खात्याला देता येतो : १ शेतकी, २ अकाउंट, ३ वजनकाटा आणि ऊस यार्ड, ४ इंजिनिअरिंग, ५ स्टोअर. मग ४१०१ म्हणजे नसरापूरचा शेतकीतला पहिला, गट प्रमुख. ज्याला ४१०१ माहीत आहे, त्याला वेल्ह्याचा ६१०१ न सांगता कळतो. उसाचे बिल विचारायचे तर कारखान्यात २२ ने सुरू होणारा. सभासदाला पन्नास नंबर पाठ करावे लागत नाहीत, रीत पाठ केली की झाले.

येथे एक पथ्य आहे आणि ते मोडले की यंत्र गोंधळते. कोणताही पुरा नंबर दुसऱ्या नंबराची सुरुवात असू नये. कोणीतरी हौसेने गट प्रमुखाला सोपा म्हणून नुसता ४१ नंबर दिला, आणि शेजारी ४१०१ आहेच. आता ४१ दाबल्यावर यंत्राने काय समजावे? पुरा झाला, की अजून दोन अंक यायचे आहेत? मग ते तीन-चार सेकंद वाट बघत बसते. वाट कमी ठेवली तर म्हाताऱ्या माणसाचे सावकाश दाबलेले ४१०१ अर्ध्यात तुटते. जास्त ठेवली तर प्रत्येक कॉलला खोळंबा. मोठ्या माणसांना छोटे नंबर देण्याचा मोह टाळावा, एवढेच मी म्हणतो.

ही अडचण आपल्यापुरती नाही, देशालाही आली आहे. खासगी कंपन्या आल्या तेव्हा जुन्या सरकारी नंबरांच्या पुढे २ चिकटवावा लागला, आणि भिंतींवर रंगवलेले किती तरी नंबर एका रात्रीत खोटे पडले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावण्याचा नियम झाला. पुढे मोबाईलचे नवे नंबर पाडायला जागा व्हावी म्हणून तो आला. आपल्या इंटरकॉमवर त्याचा परिणाम असा की पहिले शून्य बाहेरची ओळ मिळवायला, दुसरे शून्य त्या नियमाचे आणि मग मोबाईलचे दहा अंक. एकच शून्य दाबून "मोबाईल लागत नाही" म्हणणारे अजून भेटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ट्रायने लँडलाइनचे नंबरही सगळीकडे कोडासह दहा अंकी लावावेत अशी शिफारस केली आहे. म्हणून आपल्या आतल्या नंबरात सरकारी कोडाचे अंक गुंफू नयेत. ०२११३ मधला १३ घेऊन भोरला १३ द्यावा, असे एकाने सुचवले होते. सुचवणे चांगल्या मनाने होते, पण सरकारने कोड बदलला की आपली योजना लंगडी पडायची.

नंबर माणसाला देऊ नये, टेबलाला द्यावा. गट प्रमुख बदलून गेला तरी ४१०१ तेथेच राहिला पाहिजे. "आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, ही लँडलाइनची उठाठेव कशाला?" असे तरुण सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मोबाईल माणसाचा असतो. या हंगामातला स्लिपबॉय पुढच्या हंगामात दुसऱ्या गटाला असतो, नाहीतर कंपनीत कामाला लागलेला असतो, आणि तुम्ही त्यालाच फोन करत राहता. शिवाय आपला मुलूख डोंगराचा. तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या वाड्यांना आणि भाटघरच्या पाण्यामागच्या गावांना रेंज कशी मिळते ते तेथल्या लोकांना विचारावे, झाडावर चढून बोलतात. स्लिपबॉय फडात उतरला आणि त्याची रेंज गेली तर तुम्ही काय करणार? टेबलाचा नंबर असेल तर तो कोठे ना कोठे वाजतो, आणि योजना नीट असेल तर कोणी ना कोणी उचलतो.

'योजना नीट असेल तर' हे शब्द मी जपून लिहिले आहेत. त्यामागे एक अनुभव आहे.

डिप्लोमा करून काही वर्षे झाली होती, मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कृषी सहायक होतो. तेथे गट ऑफिस आणि मुख्य ऑफिसचे फोन नुकतेच जोडले होते. गट ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होई, म्हणून सहानंतर तेथला कॉल मुख्य ऑफिसच्या शेतकीकडे वळवावा, असा अर्ज मीच लिहिला. मेकॅनिकने तसे करून दिले. आठ-दहा दिवसांनी मुख्य ऑफिसातल्या कोणी तरी विचार केला की रात्री येणारे फोन तोडणीचेच असतात, त्यांना गटाची माहिती असते, म्हणून त्यांनी आपल्या टेबलावरचा रात्रीचा कॉल गट ऑफिसकडे वळवला. दोघांनीही चांगल्या हेतूने केले. एकमेकांना कोणी विचारले नाही.

शनिवारी संध्याकाळी एका सभासदाच्या फडातून ऊस भरून निघालेल्या ट्रॅक्टरचा एक्सल तुटला. दोन ट्रॉल्या भरलेल्या, आणि आणखी तेवढाच ऊस तुटून फडात. त्याने गट ऑफिसला फोन लावला. कॉल मुख्य ऑफिसला गेला, तेथून परत गटाला आला, तेथून पुन्हा मुख्य ऑफिसला. दर फेरीला दोन ऑफिसांमधली एक ओळ अडकत गेली. ओळी मोजक्याच होत्या. काही क्षणांत सगळ्या भरल्या आणि त्याला एंगेजचा आवाज आला. त्याने फोन ठेवला की ओळी सुटायच्या, पुन्हा लावला की पुन्हा भरायच्या. म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचाही कॉल जात नव्हता. तो बिचारा समजला, साहेब कोणाशी तरी बोलताहेत. रात्री अकरापर्यंत त्याने लावला. रविवारी ऑफिस बंद, पुन्हा तोच खेळ. सोमवारी सकाळी तो मोटारसायकलवरून ऑफिसात आला तेव्हा आम्हाला कळले. ऊस काट्यावर पोचला मंगळवारी. त्या खेपांच्या पावत्या बघून तो काही बोलला नाही, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. माझा अर्ज त्या फाईलला अजून असेल.

तेव्हापासून मी वळवण्याचे नियम नंबरांपेक्षा जास्त बारकाईने बघतो. पहिला नियम : जोडओळीवरून आलेला कॉल पुन्हा जोडओळीवर जाता कामा नये. दुसऱ्या ऑफिसाने पाठवलेला कॉल आपल्याच घरात कोठे तरी वाजला पाहिजे. नव्या यंत्रणेत एका कॉलने किती फेऱ्या माराव्यात याची मर्यादा असते, त्यामुळे ओळी कायमच्या अडकत नाहीत. पण सभासदाचा फोन उचलला जात नाही तो नाहीच. दुसरा नियम : प्रत्येक वाटेचा शेवट जागत्या माणसापाशी झाला पाहिजे. गाळप चालू असताना चोवीस तास जागे असलेले ठिकाण म्हणजे वजनकाटा आणि ऊस यार्ड. म्हणून वेल्ह्याचा ६१०१ चार-पाच रिंगांत कोणी उचलला नाही तर तो कारखान्यातल्या शेतकीकडे, तेथेही नाही तर ऊस यार्डाकडे, आणि यार्डाचा फोन पुढे कोठेही वळवायचा नाही. तेथे माणूस नसेल तर तो दोष माणसाचा, यंत्राचा नव्हे. तिसरा नियम : कोणीही आपल्या टेबलावरून परस्पर कॉल वळवू नये. वळवायचा तर एकाच वहीत नोंद करून, आणि ती वही एकाच माणसाच्या ताब्यात.

जोडओळ तुटली तर काय, हाही विचार हवा. रस्त्याच्या कामात केबल उखडते, पावसात दरड येते, गट ऑफिसची वीज जाते. चांगल्या यंत्रणेला दुसरी वाट शिकवून ठेवता येते. कारखान्यातून कोणी ६१०१ दाबला आणि जोडओळ बंद असेल तर यंत्राने ते चार अंक बाजूला ठेवायचे, बाहेरची ओळ घ्यायची, ०२१३० आणि वेल्ह्याच्या ऑफिसचा बाहेरचा नंबर स्वतःच लावायचा. दाबणाऱ्याला काही कळतही नाही. अंक गाळणे आणि अंक जोडणे, एवढेच हे काम आहे. मात्र बाहेरच्या ओळीने गेलेला कॉल नेमक्या टेबलावर न पडता ऑफिसच्या पहिल्या फोनवर पडेल, म्हणून तेथे बसणाऱ्याला सगळी टेबले माहीत असली पाहिजेत. आणि एक सावधगिरी. आपल्या खासगी जोडओळीवरून आलेला कॉल बाहेरच्या ओळीवर काढणे किंवा बाहेरचा जोडओळीवर घालणे याला दूरसंचार खात्याचे नियम आहेत. मेकॅनिक "चालतं हो साहेब" म्हणतो. ओळ देणाऱ्या कंपनीकडून ते लेखी घ्यावे.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी याची चाचणी व्हायला हवी, मोळी टाकल्यावर नव्हे. पाच ठिकाणे असली तर प्रत्येकाहून इतर चार ठिकाणी, असे वीस कॉल लावून बघावे लागतील. मग जोडओळीची पिन काढून ठेवून तेच वीस पुन्हा. मग रात्री दहानंतर आणखी एकदा, आणि कोण उचलतो ते लिहून काढायचे. काम कंटाळवाणे आहे, एका माणसाला दोन दिवस लागतील. हे दोन दिवस वाचवलेले मी एका ठिकाणी पाहिले, वर लिहिलेच आहे.

नंबर शेवटी भिंतीवर रंगवायचे आहेत : गट ऑफिसच्या बाहेर, सोसायटीत, आणि तोडणीच्या स्लिपच्या पाठीमागे छापायचे. तेथे सगळे छापायला जागा नाही. बाहेरून मोबाईलवरून लावायचा गटाचा एक नंबर आणि रात्रीचा एक, असे दोनच छापावेत असे मला वाटते. बाकीचे आतले टप्पे यंत्राने सांभाळावेत. पण सभासदांना तिसरा कोणता नंबर छापलेला हवा आहे, बिलाचा, खताचा की बेण्याचा, हे आम्ही टेबलावर बसून ठरवू नये. म्हणून प्रत्येकाने एका कागदावर आपले गाव, गट, आणि मागच्या हंगामात कारखान्याच्या कोणत्या खात्याला सर्वांत जास्त वेळा फोन करावा लागला ते लिहावे. रात्री लावला असेल तर रात्र म्हणून लिहावे. कागद गट ऑफिसात द्यावा, नाहीतर स्लिपबॉयकडे दिला तरी पोचेल.